परदेशात शिफ्ट होताय? बजेट तारखा टाकून करा

परदेशात शिफ्ट व्हायचं ठरलं की पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, एकूण पैसे किती लागतील? मीही तोच विचारला होता, दहा जणांना विचारून एक आकडा काढला, दीड वर्ष लागलं पण तेवढे पैसे साठवले, आणि तरीही तिथे पोचल्यावर पाचव्या आठवड्यात माझ्या खात्यात खडखडाट होता. पैसे कमी साठवले होते असं अजिबात नाही. पैसे होते, पण काही व्हिसासाठी दाखवायचे म्हणून अडकलेले, काही जुन्या घरमालकाकडे डिपॉझिटमध्ये, काही एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जायच्या वाटेवर, आणि पहिल्या पगाराला अजून सोळा दिवस होते. ते सोळा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत.

म्हणून हे सगळं लिहून काढतेय. नोकरीसाठी, शिक्षणासाठी, जोडीदारासोबत, कशासाठीही जात असाल तरी मुद्दा तोच राहतो. किती लागणार हे बघायचंच, पण त्याहून जास्त बघायचं ते कधी लागणार. खर्चाची यादी सगळेच करतात, तिच्यापुढे तारखा फार कमी जण टाकतात, आणि घोडं तिथेच अडतं.

पायरी १: शीट उघडा, एकूण बेरीज सगळ्यात शेवटी

साधी एक्सेल किंवा गूगल शीट पुरते, अ‍ॅप शोधत बसू नका. सहा कॉलम करा: कशासाठी, किती, कुठल्या चलनात, पैसे कुठल्या तारखेला जाणार, त्यातले परत येणार का आणि कधी, आणि शेवटचा कॉलम म्हणजे त्या दिवशी तो खर्च झाल्यावर हातात किती उरले. निघायच्या चार महिने आधीपासून सुरुवात करा आणि पोचल्यावर सहा महिन्यांपर्यंत न्या. सगळ्या ओळी तारखेप्रमाणे लावल्या की शेवटच्या कॉलममधला आकडा खाली खाली जाताना दिसतो, एका ठिकाणी सगळ्यात खाली पोचतो आणि पगार सुरू झाला की हळूहळू वर येतो. त्या सगळ्यात खालच्या आकड्याला मी तळ म्हणते. बजेट जमतंय का नाही हे एकूण बेरजेवरून कळत नाही, तळावरून कळतं. तळ शून्याच्या खाली गेला तर एकूण पैसे कितीही असोत, मधे कुठेतरी उसनवारी करावी लागणार हे नक्की.

दोन चलनांत हिशेब करताना डोकं गरगरतं, त्यामुळे सुरुवातीला मी एक सोपं माप धरायला सांगते. जिथे जाताय तिथे तुम्हाला परवडेल अशा घराचं एका महिन्याचं भाडं म्हणजे १. आता बाकीच्या मोठ्या गोष्टी किती भाड्यांच्या होतात ते लिहा, तिकिटं किती भाडी, डिपॉझिट किती भाडी, सामान पाठवणं किती भाडी. असं लिहिलं की लगेच कळतं डोकं कशावर लावायचं आणि काय सोडून द्यायचं. तिकीट जरा स्वस्त मिळावं म्हणून महिनाभर रात्री जागणारे लोक मी पाहिलेत, आणि तेच लोक तिथले डिपॉझिटचे नियम पोचल्यावर वाचतात, जिथे दोन-तीन भाड्यांचा प्रश्न असतो.

पायरी २: विमानात बसायच्या आधी जाणारे पैसे

व्हिसाची फी सगळ्यांना माहीत असते, तिच्या आजूबाजूचा खर्च माहीत नसतो. मेडिकल, बायोमेट्रिक्स, पोलिसांचं क्लिअरन्स, कागदपत्रांची भाषांतरं, अपोस्टिल, कुरिअर, दूतावास दुसऱ्या शहरात असेल तर तिथे जाऊन राहण्याचा खर्च, आणि हे सगळं माणशी. चौघांचं कुटुंब असेल तर जन्मदाखले चार, लग्नाचा दाखला, पदव्या, गुणपत्रिका, मुलांच्या शाळेचे कागद असं करत करत पंचवीस कागद सहज होतात, आणि फी बहुतेक ठिकाणी दर कागदामागे असते.

अपोस्टिल म्हणजे १९६१ च्या हेग करारातल्या देशांनी एकमेकांचे कागद एकाच शिक्क्यावर मान्य करायची सोय. चीन २०२३ मध्ये आणि कॅनडा २०२४ मध्ये त्यात आला, म्हणजे जुने अनुभव वाचून हिशेब करू नका, तुम्ही जाताय तो देश आज करारात आहे का ते बघा. नसेल तर दूतावासाकडून कागद प्रमाणित करून घ्यावा लागतो, त्यात दोन-तीन ऑफिसं आणि तेवढ्याच फिया येतात आणि वेळही जास्त जातो. आणि एक, आधी भाषांतर की आधी अपोस्टिल हे त्या देशाच्या ऑफिसच्या साइटवर वाचून घ्या, काही ठिकाणी तिथल्याच शपथबद्ध भाषांतरकाराचं भाषांतर लागतं. क्रम चुकला तर दोन्हीचे पैसे परत भरावे लागतात.

आता या पायरीतली खरी मेख. काही पैसे खर्च होत नाहीत पण अडकतात. जर्मनीचा स्टुडंट व्हिसा घ्या, तिथे बरेच जण वर्षभराच्या खर्चाएवढी रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरतात आणि पोचल्यावर दर महिन्याला तिचा बारावा हिस्सा हातात येतो. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाला ठरावीक रक्कम सलग २८ दिवस खात्यात दाखवावी लागते, त्यात एक दिवस जरी बॅलन्स खाली गेला तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. त्यात ब्रिटनचा हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरता यावी म्हणून द्यायची फी, जेवढ्या वर्षांचा व्हिसा तेवढ्या सगळ्या वर्षांचा अर्ज करतानाच भरायचा असतो, दरवर्षी थोडा थोडा नाही. म्हणजे ज्या महिन्यात तुम्हाला तिकिटं काढायचीत, तिथल्या घराला टोकन द्यायचंय, नेमके त्याच महिन्यात तुमचे बरेचसे पैसे दिसतात पण हात लावता येत नाही. शीटमध्ये दोन रंग करा, मोकळे पैसे आणि अडकलेले पैसे, आणि तळ फक्त मोकळ्या पैशांवर काढा. मी हे केलं नव्हतं.

पायरी ३: जुनं घर आवरायलाही पैसे लागतात

इकडचं बंद करताना काय खर्च येणार असं वाटतं, पण नोटीस पीरियडचं भाडं, घर परत देताना साफसफाई-रंगकाम, वर्षभराचे करार मधेच तोडल्याचा दंड, इंटरनेट, जिम, गाडीचा विमा, असं बरंच निघतं. आणि कर्जाचे हप्ते तुमच्यासोबत विमानातून येत नाहीत, ते इकडच्या खात्यातून जात राहतात. त्यामुळे जुनं खातं बंद करायची घाई करू नका आणि त्यात किमान सहा महिन्यांच्या हप्त्यांची तजवीज ठेवून जा, कारण पहिले दोन-तीन महिने तिकडून पैसे पाठवणं जमेलच असं नाही. बाहेर राहायला गेल्यावर खात्याचा प्रकार बदलावा लागतो का हेही बँकेत विचारून घ्या.

फर्निचर, गाडी, फ्रिज विकून येणारे पैसे शीटमध्ये शून्य धरा. खरंच शून्य. शेवटच्या आठवड्यात घेणाऱ्याला कळतं की तुम्हाला जायचंय, आणि भाव तो ठरवतो. जे येईल ते वरचं. तसंच जुन्या घराचं डिपॉझिट निघायच्या आधी हातात येईल असं धरू नका, त्याची तारीख दोन महिने पुढची टाका.

जुना मोबाइल नंबर मात्र चालू ठेवा, सगळ्यात कमी पैशांच्या प्लॅनवर. बँकेचे ओटीपी त्यावर येतात, आणि ओटीपी आला नाही तर स्वतःचे पैसे स्वतःला काढता येत नाहीत. रोमिंगमध्ये एसएमएस येतो का हे निघायच्या आधी कंपनीला विचारून चालू करून घ्या, ही ओळ शीटमध्ये अगदी बारीक आहे पण ती राहिली तर बाकीच्या ओळी हलत नाहीत.

पायरी ४: सामान, इथे लोक सगळ्यात जास्त फसतात

हा भाग मी जरा सविस्तर लिहितेय कारण इथे मन पैशांच्या आड येतं.

विमानाने सामान पाठवायचं असेल तर पैसे नुसत्या वजनाचे लागत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात आणि त्याला ६००० ने भागतात, काही कुरिअर कंपन्या ५००० ने भागतात. येणाऱ्या आकड्याला व्हॉल्यूमेट्रिक वजन म्हणतात, आणि ते आणि काट्यावरचं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे. माझ्याकडे पांघरुणं आणि उशांचा एक खोका होता, ६० बाय ५० बाय ४०. काट्यावर ८ किलो भरला. गुणाकार १,२०,०००, भागिले ६०००, म्हणजे २० किलो. ५००० ने भागणाऱ्या कुरिअरवाल्याकडे तोच खोका २४ किलोचा झाला असता. आठ किलोच्या उशांसाठी वीस किलोचे पैसे, आणि तिथे नवीन उशा घ्यायला त्याच्या एक चतुर्थांशही लागले नसते. त्याच दिवशी पुस्तकांचा एक छोटा खोका मोजला, तो आकाराने त्याच्या निम्मा आणि काट्यावर १७ किलो, म्हणजे त्याचं उलटं, तिथे काट्याचं वजन लागू. एक मोजपट्टी आणि एक वजनकाटा घेऊन अर्धा दिवस बसा, प्रत्येक खोक्यावर दोन्ही आकडे लिहा, आणि मग ठरवा काय न्यायचं. अंदाजाने ठरवू नका.

जहाजाने पाठवायचं तर २० फुटी कंटेनरमध्ये आतली जागा साधारण ३३ घनमीटर असते. एवढं सामान नसेल तर दुसऱ्यांसोबत वाटून घेतलेल्या कंटेनरमधून पाठवता येतं, स्वस्त पडतं पण कंटेनर भरेपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे पोचायची तारीख पक्की नसते. आणि कोटेशन घेताना एकच प्रश्न तीनदा विचारा, हे दारापासून दारापर्यंत आहे की बंदरापर्यंत? बंदरापर्यंत असेल तर तिकडचं हँडलिंग, कस्टम क्लिअरन्स, बंदरापासून घरापर्यंतचा टेम्पो हे सगळं तुमच्यावर, आणि कागद अपुरे म्हणून सामान तिथे पडून राहिलं तर दिवसाप्रमाणे भाडं चढत जातं.

वापरलेल्या घरगुती सामानावर बऱ्याच देशांत ड्युटी माफ असते, पण अटी असतात. युरोपियन युनियनचं उदाहरण घ्या, तिथे आधी सलग किमान १२ महिने बाहेर राहिलेलं असावं लागतं, वस्तू किमान ६ महिने तुमच्याकडे वापरात असाव्या लागतात आणि राहायला आल्यापासून १२ महिन्यांच्या आत आणाव्या लागतात. म्हणजे जायचं म्हणून मुद्दाम नवा टीव्ही घेऊन कंटेनरमध्ये टाकला तर त्याला ही सवलत नाही. त्यातून व्होल्टेज बघा, जपानमध्ये १००, अमेरिकेत १२०, युरोपात २३०. लॅपटॉप-मोबाइलचे चार्जर सगळीकडे चालतात, पण इस्त्री, हीटर, हेअर ड्रायर, मिक्सर यांना नुसता प्लगचा अडॅप्टर लावून भागत नाही.

माझं मत विचाराल तर दोन बॅगा, कागदपत्रं, औषधं, जे कुठेच मिळणार नाही असं थोडंसं मनाजवळचं, बस. कंटेनर फक्त तेव्हा, जेव्हा किमान तीन-चार वर्षं राहायचं नक्की आहे किंवा खर्च दुसरं कोणी करतंय.

पायरी ५: पहिले सहा आठवडे

तळ जवळजवळ नेहमी इथेच येतो. कारण इथे एक चक्र असतं: घराचा पत्ता नाही तर बँक खातं उघडत नाही, खातं नाही तर पगार जमा होत नाही, पगाराची स्लिप नाही तर घरमालक घर देत नाही. हे चक्र कुठेतरी तुटतं, सगळ्यांचंच तुटतं, पण तोवर तुम्ही तात्पुरत्या जागेत दिवसाच्या भाड्याने राहत असता आणि दिवसाचं भाडं हे महिन्याच्या भाड्यापेक्षा फार महाग असतं. लोक एक आठवडा बुक करतात. कृपा करून तीन आठवडे धरा, शीटमध्ये चार धरा. आणि त्या तात्पुरत्या जागेचा पत्ता सरकारी नोंदणीसाठी चालतो का हे बुकिंग करायच्या आधीच लेखी विचारा, चालत असेल तर थोडी महाग असली तरी तीच घ्या, कारण चक्र पहिल्याच आठवड्यात तुटतं आणि जास्त दिलेले पैसे वसूल होतात.

घर न बघता डिपॉझिट पाठवू नका. फोटो कितीही छान असोत, मालक मी सध्या बाहेरगावी आहे, किल्ल्या कुरिअरने पाठवतो असं सांगत असेल तर तिथेच थांबा. नव्याने येणाऱ्यांना लुबाडायचा हा अगदी ठरलेला प्रकार आहे आणि त्यात जाणारी रक्कम तुमच्या सगळ्यात मोठ्या ओळींपैकी एक असते.

डिपॉझिटचे नियम देशागणिक इतके वेगळे आहेत की आधी वाचलेच पाहिजेत. जर्मनीत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं, तेही हीटिंग-पाणी वगैरे सोडून जे मूळ भाडं असतं त्यावर, आणि भाडेकरूला ते तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा कायद्याने हक्क आहे, हे माहीत असेल तर तुमचा तळ एकदम दोन भाड्यांनी वर येतो. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने बहुतेक घरांना पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. जपानमध्ये डिपॉझिट वेगळं आणि रेइकिन म्हणून मालकाला द्यायची रक्कम वेगळी, ती परत मिळत नाही, त्यामुळे परत येणार का या कॉलममध्ये तिच्यापुढे नाही असं लिहायचं. अमेरिकेत तुमची क्रेडिट हिस्ट्री नसते, आधीच्या देशात कितीही चांगली असली तरी ती सोबत जात नाही, त्यामुळे जास्त डिपॉझिट किंवा हमीदार मागितला जातो. जिथे जाताय तिथलं हे पान आजच शोधून वाचा.

आणि अनफर्निश्ड म्हणजे काय तेही विचारा. जर्मनीत पुष्कळ घरं किचनशिवाय मिळतात, म्हणजे ओटा, सिंक, कपाटं काहीच नाही, काही घरांत दिवेसुद्धा नसतात, छतातून वायरी लोंबत असतात. पहिल्या रात्री लागणाऱ्या गोष्टींची वेगळी यादी करा, गादी, पांघरूण, एक दिवा, टॉवेल, पडदा, दोन भांडी, बादली, प्लगचा अडॅप्टर, आणि तिचे पैसे वेगळे ठेवा. या किरकोळ गोष्टी मिळून अर्धं भाडं तरी होतातच, आणि सगळ्या एकाच शनिवारी घ्याव्या लागतात.

पायरी ६: पैसे पलीकडे नेणं

माझी जी तारांबळ उडाली ती इथे. नव्या घराचं डिपॉझिट मी जुन्या बँकेतून वायर ट्रान्सफरने मालकाच्या खात्यावर पाठवलं, बरोब्बर ठरलेला आकडा, एक दमडी कमी नाही. किल्ल्या घ्यायच्या दिवशी दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिले तर मालकाने मोबाइलवर खातं उघडून दाखवलं, रक्कम थोडी कमी आली होती. मधल्या बँकेने तिचे चार्जेस त्यातूनच कापून घेतले होते. फरक फार थोडा होता पण त्यांचं म्हणणं, पूर्ण पैसे आल्याशिवाय किल्ली नाही, करारात तसंच लिहिलंय. मधे शनिवार-रविवार आला, उरलेले पैसे पोचायला चार दिवस लागले, आणि त्या रात्री मी वेळेवर मिळेल त्या भावाने खोली घेऊन काढल्या. जेवढे कमी पडले होते त्याच्या कितीतरी पट त्यात गेले.

तर आंतरराष्ट्रीय वायर ट्रान्सफर करताना चार्जेस कोण भरणार याचे तीन पर्याय असतात. ओयूआर म्हणजे सगळे पाठवणाऱ्याने, एसएचए म्हणजे वाटून, बीईएन म्हणजे घेणाऱ्याने. आपोआप बहुतेकदा वाटूनचा पर्याय निवडलेला असतो. डिपॉझिट, शाळेची-कॉलेजची फी, अशी पूर्णच पोचली पाहिजे ती रक्कम ओयूआरने पाठवा, आणि तरी पाच-सहा कामाचे दिवस हातात ठेवून पाठवा.

रेटचं दुसरं. गूगलवर दिसतो तो मधला रेट, तो तुम्हाला मिळत नाही. फी शून्य लिहिलेलं असतं तिथे कमाई रेटमध्ये असते. त्यामुळे फी आणि रेट वेगवेगळे बघण्यापेक्षा एकच प्रश्न विचारा: मी माझ्या खात्यातून इतके काढले तर पलीकडे नेमके किती पडतील? तीन ठिकाणी एकाच दिवशी, एकाच तासात विचारा आणि जिथे जास्त पडतात तिथून पाठवा. मधल्या रेटपेक्षा ३ टक्के वाईट रेट मिळाला आणि तुम्ही दहा भाड्यांएवढी रक्कम नेताय, तर भाड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिथेच गेला.

शीटमध्ये आजचा रेट धरू नका, ५ टक्के वाईट धरा. आणि सगळे पैसे एकदम बदलू नका, तीन-चार वेळा मिळून बदला, रेट उद्या सुधारेल म्हणून वाट बघत बसणं हा जुगार आहे आणि भाड्याची तारीख कुणासाठी थांबत नाही. तिकडे कार्ड वापरताना मशीन किंवा एटीएम विचारतं, तुमच्या चलनात की इथल्या चलनात, दरवेळी इथल्या चलनात असंच निवडा, नाहीतर ते मशीन स्वतःचा रेट लावतं. दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं न्या, एक खिशात, एक बॅगेत. थोडी रोख ठेवा, पण युरोपियन युनियनमध्ये १०,००० युरो किंवा त्याहून जास्त आणि अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर रोख असेल तर ती जाहीर करावी लागते, आणि जिथून निघताय तिथलीही मर्यादा असते, ती बघून घ्या.

पायरी ७: पगार सुरू झाल्यावरचा महिना

ऑफर लेटरवरचा आकडा बघून बजेट करू नका. टॅक्स, सोशल सिक्युरिटी, पेन्शन, विमा कापून हातात काय येणार ते तिथल्या टॅक्स कॅल्क्युलेटरवर काढा. पहिला पगार कधी, हा प्रश्न एचआरला सरळ विचारा. अमेरिकेत खूप ठिकाणी दर दोन आठवड्यांनी होतो, युरोपात साधारण महिन्याने, आणि तुम्ही पेरोलची तारीख उलटून गेल्यावर जॉइन झालात तर पहिला पगार पुढच्या महिन्यावर जातो, म्हणजे सहा-सात आठवडे काहीच नाही. टॅक्स नंबर वेळेत मिळाला नाही तर पहिल्या पगारातून जास्त कापतात, आयर्लंडमध्ये तर त्याला नावच इमर्जन्सी टॅक्स आहे. ते नंतर समायोजित होतं, पण नंतर. शीटमध्ये पहिला पगार पाऊणच धरा.

भाडं सांगताना त्यात वीज, पाणी, हीटिंग, सोसायटीचा खर्च, कचऱ्याचा कर आहे का ते विचारा. बाकी किराणा, प्रवास, फोन हे पहिले तीन महिने अंदाजापेक्षा सव्वापट जातात, स्वस्त कुठे मिळतं हेच कळायला तेवढा वेळ लागतो. चौथ्या महिन्यात खरे आकडे येतात, तेव्हा बजेट परत बसवा.

तब्येतीचं पण इथेच सांगते. जुना विमा निघायच्या दिवशी संपतो आणि नवा लगेच सुरू होतो असं नाही. अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या विम्याला ९० दिवसांपर्यंत थांबावं लागू शकतं, कायद्यात तेवढी मुभा आहे. मधल्या दिवसांचा विमा घ्या, याच्यात काटकसर करू नका. नेहमीची औषधं तीन महिन्यांची न्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ, म्हणजे जेनेरिक नाव लिहून घ्या, आणि ते औषध त्या देशात आणायला परवानगी आहे ना ते बघा. दात आणि चष्म्याची कामं आधीच उरकून घ्या.

पायरी ८: कंपनी खर्च देतेय?

छान, पण चार गोष्टी लेखी घ्या. पैसे आधी देणार की बिलं लावल्यावर, बिलांवर असेल तर किती दिवसांत. एकरकमी असेल तर त्यावर टॅक्स कोण भरणार, कारण पुष्कळ ठिकाणी ती रक्कम उत्पन्नात धरतात. तात्पुरतं घर किती आठवडे. आणि ठरावीक मुदतीच्या आत नोकरी सोडली तर किती परत द्यायचं. बिलं लावून मिळणारे पैसे शीटमध्ये खर्चाच्या तारखेला टाकू नका, दोन महिने पुढे टाका. काही सुरुवातीच्या खर्चासाठी अ‍ॅडव्हान्स मिळेल का हे विचारायला लाजू नका, विचारलं तर बऱ्याचदा मिळतो, नाही विचारलं तर कुणी स्वतःहून देत नाही.

पायरी ९: राखीव पैसे दोन वेगळ्या कप्प्यांत

पहिला कप्पा अडीअडचणीचा. पगार असेल तर तिथल्या तीन महिन्यांच्या खर्चाएवढा, नोकरी तिथे जाऊन शोधायची असेल तर सहा महिन्यांच्या खाली जाऊच नका. आणि हे राखीव पैसे धरून तळ शून्यावर येतो म्हणजे जमलं असं समजू नका, हे पैसे बाजूला काढल्यावर तळ शून्याच्या वर राहिला पाहिजे.

दुसरा कप्पा परतीचा. घरातल्या सगळ्यांची ऐनवेळची तिकिटं, एक महिन्याचं भाडं, आणि परत आल्यावर एक महिना राहण्याची सोय. याच्याबद्दल बोलायला लोकांना आवडत नाही, अपशकुन वाटतो, पण व्हिसा नोकरीला जोडलेला असेल आणि नोकरी गेली तर दुसरी शोधायला ठरावीक दिवसच मिळतात. घरी कुणी आजारी पडलं तर उद्याचं तिकीट काढावं लागतं. मी एकदा असं तिकीट काढलंय, रात्री अडीच वाजता, आणि त्या वेळी एकच गोष्ट बरी वाटली की पैशांचा विचार करावा लागला नाही. हे पैसे दुसऱ्या कशालाही वापरू नका, वेगळ्या खात्यात ठेवा आणि जोडीदार असेल तर दोघांपैकी कुणालाही काढता येतील असे ठेवा.

टॅक्सची एक ओळ राहिली. खूप देशांत वर्षात १८३ दिवस राहिलं की तुम्ही तिथले टॅक्स रेसिडेंट धरले जाता, पण नियम सगळीकडे एकसारखे नाहीत, आणि ज्या वर्षी शिफ्ट होता त्या वर्षी दोन्हीकडे रिटर्न भरावं लागू शकतं. दोन देशांत करार असतो त्यामुळे एकाच उत्पन्नावर दोनदा टॅक्स शक्यतो लागत नाही, पण ते कागदावर मांडून देणाऱ्या माणसाची फी लागते. ती फी शीटमध्ये टाका, साधारण निघाल्यानंतरच्या पहिल्या रिटर्नच्या तारखेला.

शीट पोचल्यावर बंद करू नका. पहिले तीन महिने दर रविवारी अर्धा तास, झालेला खर्च भरायचा, पुढच्या तारखा सरकल्या तर सरकवायच्या आणि तळ परत बघायचा, तो पुढे सरकला का, खाली गेला का. त्यानंतर महिन्यातून एकदा पुरे. फक्त परत येणार का या कॉलममध्ये हो लिहिलेल्या ओळींवर लक्ष ठेवा, कारण ते पैसे मागितल्याशिवाय येत नाहीत. जुन्या घरमालकाला, वीज कंपनीला, विमा कंपनीला मेल टाकायची तारीख त्या ओळीसमोरच लिहून ठेवा. माझ्या शीटमधली अशी शेवटची ओळ आठव्या महिन्यात बंद झाली, जुन्या विजेच्या कनेक्शनचं डिपॉझिट, चार मेल आणि दोन फोन केल्यावर.